उधाणाची नोंद

"मॅडम, मी बांधावर उभी राहणार नाही," तेजल ठाकूर म्हणाली, आणि तेही शिक्षकखोलीच्या दारात, सगळ्यांच्या देखत.

हर्षदाबाई मोकल तेव्हा बिल्ल्यांना टाचण्या लावत होत्या. पिठोरी अमावस्येच्या दुसऱ्या दिवसाचं उधाण, बारा बेचाळीसची भरती, आणि पाच शाळांची चाळीस मुलं खाडीच्या बांधावर ओळीने उभी राहून पाण्याची उंची नोंदवणार. बघायला जिल्ह्याहून माणसं आलेली. भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला एवढा मान धाकटेखारने कधी पाहिला नव्हता. आणि ऐन वेळी नववीतली सगळ्यात शहाणी पोरगी येऊन म्हणते, उभी राहणार नाही! बाईंचं डोकं फिरायला एवढं पुरे होतं.

"म्हणजे? महिनाभर तालीम घेतली ती काय भिंतींची?"

तेजलने दप्तरातून एक वही काढून टेबलावर ठेवली. कोपरे दुमडलेली, चिखलाचे डाग पडलेली. कच्ची वही.

आता ही कच्ची-पक्कीची भानगड सांगायलाच हवी. प्रात्यक्षिकाच्या दोन वह्या असतात. कच्चीत जागेवर उभं राहून लिहायचं, खाडाखोड चालते. पक्कीत घरी बसून वळणदार अक्षरात उतरवायचं. मार्क पक्कीला. आणि पक्कीतले आकडे कुठून येतात हे आपल्याकडच्या कुठल्याही शाळेतून पास झालेल्या माणसाला विचारा, तो हसेल. उत्तर आधी पुस्तकात बघायचं आणि त्याला जुळतील असे आकडे मागे मागे बसवत यायचं. लंबक असो, आम्ल असो, पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. धाकटेखारच्या शाळेने तेच खाडीच्या पाण्यावर चालवलं होतं, एवढंच.

"गेल्या पौर्णिमेला पक्कीत चार मीटर साठ लिहिलं," तेजल म्हणाली. "काठीवर चार अठ्ठ्याण्णव होतं. मी कच्चीत दोन्ही लिहिते. तुम्हीच सांगितलंय, कच्ची वही फेकायची नाही."

बाईंनी पानं उलटली. दर अमावस्या-पौर्णिमेची नोंद, शेजारी शेजारी दोन रकाने. ऑक्टोबरमध्ये फरक चौदा सेंटीमीटर. जानेवारीत एकवीस. मेमध्ये तीस. आता अडतीस.

"आज प्रतिधरा म्हणते चार सत्त्याऐंशी," तेजल हळूच म्हणाली. "त्यात चाळीस मिळवा मॅडम. बांध पाच तीसचा आहे."

तीन सेंटीमीटर उरत होते. दोन बोटं. आणि बाहेर सकाळपासून नैर्ऋत्येचा वारा सुटला होता.

प्रतिधरा म्हणजे पृथ्वीची संगणकातली प्रत. उपग्रहांनी मोजलेली जमीन, वेधशाळांचा वारा-पाऊस, बंदरांची भरती-ओहोटी हे सगळं तिच्यात क्षणाक्षणाला ओतलं जाई, आणि वर्गातल्या एका पाटावर ती डोंगरदऱ्यांसकट उभी राही. सहावीतलं पोर सह्याद्रीवर बोटाने ढग ओढायचं आणि पलीकडे माणदेश कोरडा का राहतो ते डोळ्यांनी बघायचं. भूगोल म्हणजे पिकं आणि राजधान्या पाठ करायचा विषय, हे दिवस गेले. तालुक्यात प्रतिधरा पहिल्यांदा वर्गात आणली ती हर्षदाबाईंनीच. त्या दिवशी त्यांनी भिंतीवरच्या नकाशाची गुंडाळी करून कपाटामागे टाकली आणि घरी जाऊन आनंदाने रडल्या होत्या.

तिच्यात एक उणीव होती. गढूळ पाण्याखालचा तळ उपग्रहाला दिसत नाही. खाडीचा तळ तिने जुन्या मोजणीवरून गृहीत धरलेला. म्हणून मग शाळा-नोंद योजना निघाली. खाडीकाठच्या प्रत्येक शाळेने उघाडीपाशी, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या दारापाशी, एक मोजकाठी रोवायची. मुलांनी उधाणाची उंची नोंदवायची. नोंद जुळली नाही तर प्रतिधरा आपला हिशेब दुरुस्त करणार, जुळत राहिली तर त्या जागेपुरती निश्चिंत होणार. मुलं शिकणार, यंत्रही शिकणार. कल्पनेत काही खोट नव्हती. खोट अशी झाली, की कुणा शहाण्याने प्रात्यक्षिकाचे मार्क द्यायचं कामही तिच्याच गळ्यात टाकलं. तिच्या अंदाजापासून पाच सेंटीमीटरपेक्षा लांब गेलेल्या नोंदीवर लाल शेरा यायचा, "निरीक्षण सदोष". मुलाचे मार्क जायचे, शाळेचा तारा जायचा. आणि तीन ताऱ्यांच्या खाली गेलेली शाळा बावीस किलोमीटरवरच्या समूह शाळेत विलीन व्हायची.

ऑक्टोबरमध्ये तेजल पहिल्यांदा चौदाचा फरक घेऊन आली तेव्हा शाळेकडे बरोबर तीन तारे होते. बाईंनी वही बघितली, खिडकीतून खाडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काठी कलली असेल गं. प्रतिधरा सांगते तेच पक्कीत उतरव." रजिस्टरात तसा शेराही मारला, सहीनिशी. पुढच्या वेळी सांगावंही लागलं नाही. प्रतिधरा मुलांना उत्तर सांगायची, मुलं तेच प्रतिधरेला ऐकवायची, आणि ती खूश, की माझं बरोबरच आहे. तिकडे खाडीच्या मुखाशी मोठ्या जहाजांसाठी गाळ उपसून खोल मार्ग खणला होता. पूर्वी जे पाणी चोरपावलांनी आत यायचं ते आता धावत येत होतं. हे एका काठीला कळलं होतं आणि एका पोरीला.

हर्षदाबाई वही घेऊन मुख्याध्यापक घरतसरांकडे गेल्या.

सरांनी दोन्ही रकाने बघितले. चष्मा काढून पुसला. "मॅडम, आज नको."

"आज नको म्हणजे?"

"बावीस उधाणं गेली. बावीस! बांध गेला का कुठे? आजचा दिवस तोंड बंद ठेवा. उद्या मी स्वतः पत्र लिहितो, काठी बदला म्हणून."

"आणि बांधावरची पोरं, सर?"

"दहा मिनिटं उभी राहणार ती."

"त्याच दहा मिनिटांत काही झालं तर?"

घरतसर दुष्ट नव्हते. ह्या शाळेच्या छपरावर चढून त्यांनी स्वतःच्या हाताने कौलं फिरवली होती. ते तांब्यातलं पाणी प्यायले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही बोललात की तुमची नोकरी जाईल, ते सोडा. शाळा जाईल. ह्या तेजलची दहावी मग बावीस किलोमीटरवर. म्हणजे होणारच नाही. खालच्या आळीतल्या अकरा मुलींचीही नाही. बघा विचार करून."

विचार काय करायचा होता? पण हर्षदाबाई बसल्या. हो, बसल्या. लपवून काय उपयोग? आपल्याच टेबलाशी बसून त्यांनी पंधरा मिनिटं घालवली. एकतीस वर्षांची नोकरी, गावात मान, रस्त्यात भेटेल त्याने "नमस्कार मॅडम" म्हणावं असं आयुष्य. ते सगळं चारचौघांत उतरवून ठेवायचं म्हणजे काय गंमत आहे? बाहेरून मुलांच्या रांगा बांधाकडे निघाल्याचा गलबला आला. लहान शाळेतलं एक पोर बिल्ला हरवला म्हणून रडत होतं. तो रडण्याचा आवाज दूर जायला लागला तशा बाई उठल्या आणि चपला न घालताच निघाल्या.

बांधावर मांडव घातला होता. मांडवात विस्तार अधिकारी शेलटकर मॅडम, आणि प्रतिधरेच्या कार्यालयातून आलेली वैदेही गावंड. वैदेही ह्याच शाळेची. तिच्याकडे ह्या अख्ख्या किनाऱ्याचं काम होतं. बाईंना बघताच ती पुढे आली आणि वाकून पाया पडली.

"मॅडम, तुमच्यामुळे धाकटेखार आमचं आदर्श केंद्र झालं. इतर शाळांच्या नोंदी मी दोनदा तपासते. तुमची आली की डोळे मिटून पुढे पाठवते."

"वैदेही," बाई म्हणाल्या, "त्या नोंदी खोट्या आहेत."

वैदेही हसली. मग हसायची थांबली. "कुठल्या?"

"सगळ्या. ऑक्टोबरपासूनच्या बावीस. मी मुलांना जुळवून लिहायला लावल्या. पाणी चाळीस सेंटीमीटर वर येतंय. मुलांना खाली उतरव. आत्ता."

मांडवातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. घरतसर धापा टाकत मागून आले होते, ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"मेमध्ये बांध भरून उंच करायची यादी केली आम्ही," वैदेही पुटपुटली. "धाकटेखार पहिल्या पाचांत होतं. मॅडम, मी खाली ढकललं. नोंदी जुळतायत म्हणून मी, माझ्या हाताने..."

हे बाईंना ठाऊक नव्हतं. आपण फार तर मार्कांची चोरी केली असं त्या इतके दिवस समजत होत्या. आता समोर बांधाच्या आतल्या अंगाला पसरलेलं, खाडी अडवून शेतीला घेतलेलं हिरवंगार खाजण दिसत होतं, पोटरीला आलेलं भात दिसत होतं, त्यात वाकून तणाची बेणणी करणाऱ्या पंचवीस-तीस बाया दिसत होत्या. पलीकडे खालची आळी.

शेलटकर मॅडम उठून उभ्या राहिल्या. "मोकल मॅडम, वर्षभर खोटं लिहिलंत असं तुम्हीच म्हणता. मग आज खरं बोलताय कशावरून?"

बाईंनी उघाडीकडे बोट दाखवलं.

"काठी बघा ना," बाई म्हणाल्या. "अकरा पंचवीस झालेत. काठीवर चार सत्त्याहत्तर आहे. पाटावर बघा."

मांडवात मांडलेल्या प्रतिधरेच्या पाटावर चार अडतीस होतं. शेजारी हिरवा आकडा, बांध सुरक्षित, सत्त्याण्णव टक्के.

"काठी कललेली आहे," घरतसर म्हणाले. मान खाली घालूनच म्हणाले, पण म्हणाले. "रजिस्टरात नोंद आहे. सही मॅडमचीच."

आपणच मारलेला शेरा असा अंगावर आला. शेलटकर मॅडमनी हात झटकले, "ठीक आहे, मग कार्यक्रम सुरू करू या," असं काहीसं म्हणत त्या बसायला लागल्या. हर्षदाबाईंच्या डोक्यात मात्र काहीतरी लख्ख झालं. एकतीस वर्षं क्षेत्रभेटी उगाच काढल्या नव्हत्या त्यांनी.

"काठी राहू दे! वैदेही, बांधाचा माथा कुणी मोजला?"

"आम्ही. मार्चमध्ये. पाच तीस, पक्का."

"मग वरून खाली मोज. माथ्यापासून पाण्यापर्यंत. तुझी प्रतिधरा खरी असेल तर ब्याण्णव सेंटीमीटर भरायला पाहिजेत. मी खोटारडी आहे, काठी वाकडी आहे, सगळं कबूल. पण बांध तर तुझा आहे ना?"

कुणीतरी मोजपट्टी आणली. उघाडीची भिंत सरळ उभी होती, तिथेच मोजायचं ठरलं. वैदेही गुडघ्यांवर बसली आणि पट्टी खाली सोडली. उभी राहणार नाही म्हणणारी तेजल कधी येऊन तिच्याशेजारी पालथी पडली होती कुणाला कळलं नाही. पाण्याला टेकलेलं टोक तिला दिसत होतं.

"टेकली," तेजल ओरडली. "वर किती?"

"त्रेपन्न."

"परत," शेलटकर मॅडम म्हणाल्या.

परत मोजलं. बावन्न. दरम्यानच्या मिनिटाभरात पाणी चढलं होतं. शेलटकर मॅडम पुढे आल्या, स्वतः वाकून बघितलं, आणि सरळ होताच ओरडल्या, "मुलांना टेकाडावर न्या! शाळेत! पळवू नका, चालवा!" शेलटकर मॅडम कडक होत्या, पण त्यांचे डोळे जागेवर होते.

राहिला गावाला सावध करायचा भोंगा. तो प्रतिधरेच्या हुकमाने वाजायचा आणि प्रतिधरा तर हिरवी. माणसाने वाजवायचा तर आपलं नाव आणि कारण नोंदवावं लागे, आणि भीती खोटी ठरली तर नाव लिहिणाऱ्याची चौकशी. वैदेहीची बोटं क्षणभर थबकली. ज्या यंत्रावर तिने दहा वर्षं घालवली ते सत्त्याण्णव टक्के म्हणत होतं, आणि ज्या बाईने तिला शिकवलं ती खोटं बोलल्याचं कबूल करून समोर उभी होती. तिने नाव लिहिलं. कारणाच्या जागी लिहिलं, "प्रत्यक्ष मोजणी." भोंगा वाजला.

खालची आळी बाहेर पडली. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं, गुरं सोडली. खाजणातल्या बाया मात्र जागच्या हलेनात. भोंगा ऐकून त्यांनी कमरेच्या पिशवीतले फोन काढले, प्रतिधरा बघितली आणि पुन्हा वाकल्या. हर्षदाबाई चिखलात उतरल्या. गुडघाभर गाळातून पाय ओढत, पडत, पुन्हा उठत त्या पहिल्या टोळीपर्यंत पोचल्या. त्यात तेजलची आई होती, रंजना. तीही त्यांच्याच हाताखालून गेलेली.

"रंजना, चल! बांध जातोय!"

"मॅडम, ही बघा ना," रंजनाने फोन दाखवला. "हिरवा दाखवतंय."

"ती खोटं बोलतेय."

"प्रतिधरा? ती कशाला खोटा बोलंल?"

"मी शिकवलं तिला. चल!"

रंजनाने बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला काय दिसलं कोण जाणे, हातातला विळा टाकून ती मोठ्याने हाका मारायला लागली. बाया निघाल्या. टेकाडाकडे जाताना शेवटच्या दोघी बांधाच्या पायथ्याशी असतानाच आतल्या उतारावर, खेकड्यांच्या जुन्या बिळांतून पाण्याच्या चिळकांड्या उडायला लागल्या. बोटाएवढ्या. मग मनगटाएवढ्या.

बारा एकतीसला बांधाला खांड पडली. मांडव घातला होता त्याच्यापासून वीस पावलांवर. आधी बैलगाडीएवढी जागा खचली, आणि मग बघता बघता पन्नास हात बांध पाण्यात बसला. जिथे चाळीस मुलं ओळीने उभी राहायची होती ती जागाच राहिली नाही. टेकाडावरून सगळा गाव बघत होता. एक पोर मोठ्याने रडायला लागलं. खारं पाणी भातातून असं सरसरत गेलं की हिरवा रंग आधी हलला, मग बुडाला. आळीतल्या घरांत कंबरभर पाणी. मोजणी तीनदा केली. चाळीसच्या चाळीस मुलं होती, बाया होत्या, म्हातारे होते. एक माणूस कमी नव्हतं.

शेलटकर मॅडमनी शाळेच्या ओट्यावर बसून तिथल्या तिथे अहवाल लिहायला घेतला. हर्षदाबाईंनी जबाब दिला, कुणाचंही नाव न घेता, सगळं आपल्या अंगावर घेऊन. घरतसर मध्ये बोलायला गेले, पण बाईंनी त्यांना बोलू दिलं नाही. शाळेचं काय होणार हे शेलटकर मॅडमनाही सांगता येईना. वैदेहीने तेजलची कच्ची वही मागितली आणि बावीसच्या बावीस नोंदी एकेक करून प्रतिधरेला भरवल्या. पाटावर किनाऱ्यावरचे आणखी चार बांध हिरव्याचे लाल झाले. ती फोन लावत सुटली.

हर्षदाबाई ओट्याच्या पायरीवर बसल्या होत्या. अंगावरचा चिखल वाळत होता. लोक येत होते, कुणी पाण्याचा तांब्या पुढे करत होतं, कुणी हात जोडत होतं. "मॅडम, देवासारख्या धावलात," एक म्हातारी म्हणाली. बाईंना ते ऐकवेना. सांगावं तर कुणाला आणि किती जणांना?

तेजलने आईला सांगितलं होतं. रंजना येऊन समोर उभी राहिली तेव्हाच ते बाईंना समजलं. तिच्या पायांना अजून खाजणातला गाळ होता. खाऱ्या पाण्याखाली गेलेल्या जमिनीत तीन पावसाळे भात होत नाही, हे सातवीच्या वर्गात रंजनाला शिकवलं होतं ते बाईंनीच. तिला ते शिकवायची गरज नव्हती, तिला आधीपासून माहीत होतं.

"वरीसभर ठावं होता तुमाला," रंजना म्हणाली.

"हो."

"उन्हाळ्यात बांध भरला असता."

"हो. यादीत होता. माझ्यामुळे निघाला."

रंजनाच्या मागे तेजल उभी होती, आईचा पदर धरून, लहान मुलीसारखी.

"आता मी काय करू, मॅडम? माझी पोर वाचवली म्हनून तुमच्या पाया परू, का शेत बुरवला म्हनून शिव्या घालू? तुमीच सांगा. तुमीच शिकवलाय आमाला सगला."

हर्षदाबाई उठल्या. पायऱ्या उतरून तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"शिव्या घाल," त्या म्हणाल्या. "पाया पडू नको."

आणि रंजनाने घातल्या. आधी अडखळत, मॅडम म्हणत म्हणत, मग मॅडम म्हणायचं सोडून, अरे-तुरेवर येऊन, आगरी बोलीत असतील नसतील तेवढ्या सगळ्या. शेलटकर मॅडम लिहायच्या थांबल्या. ओट्यावरची माणसं आणि टेकाडावरची चाळीस मुलं ऐकत राहिली. घरतसर पुढे होऊन काहीतरी बोलायला लागले तेव्हा बाईंनी हाताने त्यांना अडवलं. रंजनाचा आवाज फाटेपर्यंत, ती खाली बसून रडायला लागेपर्यंत, हर्षदाबाई मोकल तिथेच उभ्या राहून ऐकत होत्या, आणि त्यांनी एकदाही मान खाली घातली नाही.